नुमाकुरासानांचा हात

जपानात सेन्दाईच्या हिरोसे चुंबक संशोधन संस्थेत तिसऱ्या मजल्यावर मोजणीची खोली आहे. तिच्या दारावर एक कागद डकवलेला आहे. किल्ल्या, मोबाइल, घड्याळं, केसांतल्या पिना, पट्ट्याची बकलं, थोडक्यात लोखंड किंवा चुंबक असलेली कुठलीही वस्तू आत न्यायची नाही, बाहेरच्या तबकात काढून ठेवायची. खाली नाव, योशिहारु नुमाकुरा, सहायक. आणि हा नियम लिहिणारे नुमाकुरासान, म्हणजे आपल्याकडचे नुमाकुराराव, स्वतः मानेवर आणि खांद्यांवर चुंबकाच्या टिकल्या लावून रोज त्याच दारातून आत जायचे. एखाद दिवस नाही, वर्षानुवर्षं. लोकांना पिना काढायला लावायच्या आणि आपण चुंबकांची आरास करून बसायचं, आता याला काय म्हणावं?

लबाडी नव्हती हो ती. टिकल्या म्हणजे औषध, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सेन्दाईतल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मलमांच्या शेजारी त्या मिळतात. कातडीच्या रंगाची गोल चिकटपट्टी, मधोमध तांदळाच्या दाण्याएवढं चुंबक. आखडलेल्या जागी लावायची, रक्त वाहतं होतं म्हणे. पन्नाशीच्या पुढचं निम्मं गाव लावतं. चुंबक असतं ते प्रयोगशाळेत, मानेवर असतं ते औषध. चुंबकावर डॉक्टरेट घेतलेल्या माणसाला या दोन्ही वस्तू एकच आहेत हे कधी सुचू नये, यातच नुमाकुरासान सगळे आले.

तरुणपणी इथे सहायक म्हणून लागले आणि चोपन्नाव्या वर्षीही सहायकच होते. बरोबरीचे कोणी तोक्योला, कोणी ओसाकाला प्राध्यापक झाले. नुमाकुरासानांवर अन्याय वगैरे काही झाला नाही. त्यांना ‘नाही’ म्हणता येत नव्हतं, एवढंच. गॅसच्या टाक्या कोण मागवणार? नुमाकुरा. पाहुण्यांना स्टेशनवरून कोण आणणार? नुमाकुरा. भूकंपाच्या कवायतीत पिवळं हेल्मेट घालून शिट्टी कोण वाजवणार? तेच. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे वीजबचत समिती. तिचे अध्यक्ष, चिटणीस आणि शिपाई, तिन्ही एकटे नुमाकुरासान. बाहेर गुडघाभर बर्फ पडलं तरी खोल्या एकोणीस अंशांच्या वर तापवायच्या नाहीत, हा त्यांचा हुकूम. संडासातल्या गरम आसनांच्या वायरी त्यांनी स्वतःच्या हातानं काढून ठेवल्या होत्या. जानेवारीत सकाळी सकाळी त्या गार आसनावर बसणारा प्रत्येक माणूस त्यांचं नाव घेत असे, आणि कशा शब्दांत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गंमत अशी की संस्थेतलं सगळं संशोधनही वीज वाचवण्याचंच होतं. आपला संगणक मोठा विसरभोळा. क्षणभर वीज काढा, हाती घेतलेलं सगळं पुसून बसतो. म्हणून त्याला दिवसरात्र वीज पाजत राहावं लागतं. चुंबकाचं तसं नाही. डोळ्यांना दिसणारही नाही एवढं बारीक चुंबक घ्या, त्याला वर तोंड करून उभं करा. वर म्हणजे ‘हो’, खाली म्हणजे ‘नाही’. मग वीज बंद करा, गावाला जा, ते आपलं वरच तोंड करून उभं. अशा कोट्यवधी चुंबकांत संगणकाची स्मृती ठेवता आली तर जगाची केवढी वीज वाचेल, हे संस्थेचे प्रमुख अकुत्सु सेन्सेई, म्हणजे अकुत्सु गुरुजी, यांच्या प्रत्येक भाषणाचं पहिलं वाक्य. आणि ही बचत शोधण्यासाठी संस्थेत पंप, भट्ट्या, गारठवणारी यंत्रं अहोरात्र घरघरत असायची. खाली वस्तीत पाच-सहा गल्ल्यांना पुरेल एवढी वीज एकट्या त्या इमारतीत जायची. ती कुठून तरी भरून काढायला हवी ना, म्हणून नुमाकुरासानांच्या बुडाखालची ऊब गेलेली.

त्या गारठ्यात सूक्ष्मदर्शकावर वाकून वाकून त्यांची मान धरली ती धरलीच. बायको तोकिकोबाई रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्यांना वेताच्या मोड्यावर बसवून टिकल्या लावायच्या. तोकिकोबाई माशांच्या वड्यांच्या दुकानात काम करायच्या. हात दणकट. टिकली लावायच्या म्हणजे जवळजवळ ठोकायच्याच. आणि संध्याकाळी एखादी कमी दिसली की विचारायच्या, आज कुठं पाडून आलात? कारण या टिकल्या कुठेही सापडायच्या. कपडे धुण्याच्या यंत्रात, चपलेच्या तळाला, एकदा तर भाताच्या वाडग्यात.

आता या बारीक चुंबकांत एक अडचण होती. ते उलटवायचं तर खालून विजेचा झोत द्यायचा. झोत दिला की ते डळमळतं, आडवं होतं, पण मग कुठल्या बाजूला पडायचं हे त्याचं त्याला कळत नाही. बाहेरून दुसऱ्या चुंबकानं जरासं ढोसलं तर कळतं. पण ढोसणारं चुंबक संगणकात कोंबायचं कुठं? म्हणून बाहेरचं चुंबक न लावता आतलं उलटवून दाखवा, अशी जगभर शर्यत लागलेली. अकुत्सु सेन्सेईंनी त्यासाठी धातूंचे थरांवर थर देऊन एक नमुना बनवला होता. वर्षभर तो काही केल्या हलत नव्हता.

आणि एप्रिलमध्ये एका सकाळी नुमाकुरासानांनी तो आपल्या पितळी पाटावर, म्हणजे नमुना धरणाऱ्या तळहाताएवढ्या बैठकीवर, बसवला, झोत दिला, आणि पडद्यावरची रेघ टुणकन वर गेली. झोत उलटा दिला, रेघ खाली. पुन्हा दिला, पुन्हा वर. आसपास चुंबक नव्हतं. म्हणजे, नव्हतं असं त्यांचं म्हणणं. खोलीत चुंबकाचा मागमूस नाही ना हे रोज तपासून सही करण्याचं कामही त्यांचंच होतं, आणि तो तपासणीचा काटा ते टेबलाच्या कडेला धरायचे, पाट बसवण्याआधी. पाट तर स्वतःचाच. त्याला काय तपासायचं?

सेन्सेई धावत आले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. नुमाकुरासानांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मग सुरू झाली ती हाताची कथा. त्याच थरांचे नमुने दुसऱ्यांनी आपापल्या पाटावर ठेवून पाहिले, एकही हलेना. नुमाकुरासानांनी ठेवला की हलायचा. दुसऱ्याच्या हत्याराला कोणी हात लावायचा नाही ही तिथली रीत. प्रत्येकाच्या स्क्रू ड्रायव्हरवरसुद्धा नावाची पट्टी. त्यामुळे त्यांचा पाट मागून बघावा हे कोणाच्या मनातही आलं नाही. मनात आलं ते भलतंच. अकुत्सु सेन्सेई एका मेजवानीत साकेचा प्याला उंचावून म्हणाले की तलवार घडवणाऱ्याचा एक हात असतो, भांडं घडवणाऱ्याचा एक हात असतो, आणि आमच्या नुमाकुरा-कुनचा एक हात आहे. ‘कुन’ म्हणजे हाताखालच्या माणसाला लावायचा ‘राव’. सगळ्यांनी माना डोलावल्या. जगातले हुशार लोक हो हे, डॉक्टरेटवाले. यंत्र चालत नाही तर ‘हाताला गुण नाही’ असं बोलत बसले.

आणि नुमाकुरासानांनी ते खरं मानलं. का नाही मानणार? माणसाला आयुष्यभर टाक्या मागवायला लावल्या आणि मग एक दिवस सांगितलं की तुझ्या बोटांत जादू आहे, तर तो काय आरसा घेऊन शंका काढत बसेल? त्यांनी हाताला लावायचं क्रीम आणलं. हातमोजे घालून सायकल चालवायला लागले. गॅसची टाकी आली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ‘नाही’ म्हणाले, हात जपायला हवेत. एका कंपनीनं बोलावलं तेव्हा पितळी पाट रेशमी रुमालात बांधून छातीशी धरून रेल्वेनं गेले. तिथेही रेघ उडाली. कंपनीचे लोक वाकून वाकून त्यांच्या बोटांकडे बघत होते. मानेकडे कोण बघतं?

या सगळ्यात एका माणसाची फरपट चालली होती. साओरी शिकामा. वय एकतीस, मार्चपर्यंतच्या करारावर घेतलेली. तिचं काम एकच, नुमाकुरासानांनी जे केलं ते स्वतः करून दाखवायचं. कारण एका माणसाच्या हातानंच होतं ते शास्त्र नव्हे, एवढं अजून बाहेरच्या जगाला आठवत होतं. शिकामा रोज यायची, पिना काढून तबकात ठेवायची, सुटे केस रबराच्या दोरीनं बांधायची आणि मोजत बसायची. रेघ ढिम्म. पाट बदलून, वायर बदलून, नमुना बदलून पाहिला. ढिम्म. नुमाकुरासान मागे उभे राहून तिला सांगायचे की बोटं ताठ धरू नका, हात बसायला वर्षं लागतात, मलाही लागली. एकदा तर ते तिला म्हणाले की नमुन्याशी मनातल्या मनात बोला. शिकामानं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दुसरा असता तर तिथेच गप्प झाला असता. नुमाकुरासान चांगली दहा मिनिटं बोलत राहिले.

शरद ऋतूत बैठक झाली. अकुत्सु सेन्सेईंनी दोन गोष्टी जाहीर केल्या. जानेवारीत संशोधनाला पैसा देणाऱ्या मंत्रालयाच्या आणि कंपनीच्या लोकांपुढे प्रात्यक्षिक होईल, आणि ते झालं की एप्रिलपासून नुमाकुरा-कुन सहयोगी प्राध्यापक. मग जरा थांबून म्हणाले, शिकामा-सानच्या कराराचं मात्र विचार करून ठरवावं लागेल, काहींच्या हाताला येतं, काहींच्या येत नाही. शिकामानं मान खाली घातली. नुमाकुरासानांना तिची दया आली आणि त्याच वेळी आतून गोड गुदगुल्याही झाल्या. ते घरी गेले आणि तोकिकोबाईंनी त्याच रात्री शुभप्रसंगी करतात तो लाल चवळीचा भात केला. दुसऱ्या दिवशी माशांच्या वड्यांच्या दुकानात एकही बाई अशी उरली नाही की जिला ही बातमी कळली नव्हती.

संस्थेत दर्शनी भिंतीवर पांढरा फळा आहे. प्रत्येकाच्या नावाची चुंबकाची पाटी, हुद्द्याप्रमाणे वरून खाली, ‘आत’ आणि ‘गेले’ अशा दोन रकान्यांत सरकवायची. सेन्सेईंची पाटी ‘गेले’मध्ये सरकल्याशिवाय दुसऱ्या कोणाची सरकत नाही. ऑफिसनं नुमाकुरासानांची नवी पाटी छापून तयार ठेवली होती. ते अधूनमधून काहीतरी निमित्त काढून ऑफिसात जात आणि ती पाटी बघून येत.

मग आली वर्षअखेरीची साफसफाई. शेवटच्या कामाच्या दिवशी सगळी संस्था फडकी आणि बादल्या घेऊन उतरते. प्राध्यापकसुद्धा डोक्याला पंचा गुंडाळून कपाटं पुसतात. नुमाकुरासान आपला पाट घेऊन बसले. इतर वेळी ते वरून रुमालानं टिपायचे. आज वर्षाचा मळ काढायचा म्हणून पालथा घातला. खालच्या बाजूला एक लोखंडी स्क्रू आहे. त्या स्क्रूच्या शेजारी कातडीच्या रंगाचं काहीतरी बसलेलं दिसलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिलं. टिकली होती. तिच्या डिंकाला एक पांढरा केस चिकटलेला. सबंध प्रयोगशाळेत पांढऱ्या केसांची दोनच डोकी, आणि सेन्सेई तर केस रंगवतात.

ते तडक उठले. नमुना आणला, टिकली काढून पाट बसवला, झोत दिला. रेघ ढिम्म. टिकली परत लावली. रेघ उडाली. काढली, ढिम्म. लावली, उडाली. त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. क्रीम लावून मऊसूत झालेले, कुठल्याही चारचौघांसारखे हात.

निदान त्या दिवशी तरी त्यांनी पळवाट काढली नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. टिकली तळहातावर घेऊन ते सरळ सेन्सेईंकडे गेले. सेन्सेई स्टुलावर उभे राहून कपाटाची वरची फळी पुसत होते. नुमाकुरासानांनी एका दमात सगळं सांगितलं. सेन्सेई खाली उतरले. त्यांनी आपल्या हातातलं फडकं पाहिलं, नुमाकुरासानांचा तळहात मात्र पाहिला नाही.

“नुमाकुरा-कुन,” ते शांतपणे म्हणाले, “साफसफाई म्हणजे धूळ पुसायची. जे धूळ नाही, ते जिथल्या तिथं राहू द्यायचं.”

“पण शिकामा-सानचं...”

“एप्रिलनंतर बघू. तुझी बढतीही एप्रिलमध्येच आहे ना?”

आणि फडकं बादलीत बुडवून ते पुन्हा स्टुलावर चढले. नुमाकुरासान परत आले आणि त्यांनी टिकली जिथल्या तिथं लावून टाकली. सवयच तशी. वरून हुकूम आला की हात आपोआप चालायचा. त्या हाताला खरोखरची सवय होती ती एवढीच.

नववर्ष कसं गेलं विचारू नका. सासूबाई शिओगामाहून आल्या, जावयाला सहयोगी प्राध्यापक म्हणून हाक मारायला लागल्या. तांदळाच्या लगद्याचे गोळे घातलेलं सूप समोर आलं, ते त्यांनी तसंच गार होऊ दिलं. तोकिकोबाई म्हणाल्या, आनंदानं माणसाची भूक जाते ती अशी. नुमाकुरासान हसले. मग तिसऱ्या दिवशी आंघोळीच्या गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसले असताना त्यांना युक्ती सुचली. काय सुचावी? आपला पाट शिकामाला द्यायचा. टिकलीसकट. तिची रेघ उडेल, तिला हात आहे हे सिद्ध होईल, तिची नोकरी राहील, आपली बढती राहील, सेन्सेईंचं प्रात्यक्षिक राहील. अळीमिळी गुपचिळी. खोटं एकाचं होतं ते दोघांत वाटून घेतलं की अर्धं होतं, असा काहीसा त्यांचा हिशेब असावा. त्यांना स्वतःच्या उदारपणाचं इतकं भरून आलं की टबातच डोळे ओले झाले.

सुट्टी संपली तशी त्यांनी रेशमी रुमालात बांधलेला पाट दोन्ही हातांनी शिकामापुढे धरला. आता यावर करून बघा, म्हणाले. त्या खोलीत कोणी कोणाला आपलं हत्यार दिल्याचं शिकामानं पाहिलं नव्हतं. ती कंबरेत वाकली, बराच वेळ वाकून राहिली.

आता बघा, दुसऱ्याची वस्तू वापरायला मिळाली की आधी ती स्वच्छ करायची, हे सेन्दाईतल्या बालवाडीतल्या पोरालाही शिकवलेलं असतं. नुमाकुरासानांनी स्वतः जन्मभर तेच केलं होतं. पण इतकी पाताळयंत्री युक्ती रचणाऱ्या माणसाला एवढी साधी गोष्ट आठवली नाही. शिकामानं पाट वरून पुसला, कडेनं पुसला, आणि मग पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोजणीच्या खोलीच्या दारापाशी उभी होती. नुमाकुरासान आले, सवयीनं किल्ल्या काढून तबकात ठेवायला वाकले. शिकामानं कागदाची पुडी उघडली आणि टिकली त्या तबकात टाकली. किल्लीला चट्कन चिकटली ती.

“ही तुमची. चुंबक बाहेर ठेवायचं असतं ना?”

नुमाकुरासानांचा हात तबकावरच राहिला.

“कधीपासून माहीत होतं?” तिनं विचारलं.

“साफसफाईच्या दिवसापासून.”

“म्हणजे माझ्या हातात काही खोट नाही हे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं. तरी मला तुम्ही हे दिलंत, मी खोटं करावं म्हणून.”

ते भलं करायला गेले होते हो. पण हे असं उघड्या शब्दांत समोर ठेवल्यावर त्यांना स्वतःलाही ते भलं दिसेना. ते वाकून उभे राहिले, तिच्या चपलांकडे बघत. शिकामा म्हणाली की सेन्सेईंना तिनं सांगून पाहिलं. ते म्हणाले कुठली टिकली, आणि पाट नुमाकुरा-कुनकडे दे, तो नीट करून देईल. शिवाय प्रात्यक्षिकाला तिलाच बसवायचं ठरलंय. हात पुढच्या पिढीला सोपवला, असं पाहुण्यांना दाखवायचंय. तिनं पाट त्यांच्या हातात ठेवला.

“मी तो पुसलाय. आता तुम्ही काय ते नीट करा,” एवढं बोलून ती आत गेली.

प्रात्यक्षिकापर्यंत तो पाट नुमाकुरासानांच्या टेबलावर पडून होता. शेजारी पुडीत टिकली. रोज संध्याकाळी ते ठरवायचे की उद्या लावू, रोज सकाळी ठरवायचे की नको. नुसतं ठरवण्यातच दिवस गेले. शेवटी त्या दिवशी सभागृहातून बोलावणं आलं, तेव्हा पाट होता तसाच उचलून त्यांनी शिकामाला नेऊन दिला. याला धैर्य म्हणू नका, त्यांना वेळ पुरला नाही.

सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत तोक्योहून आलेले मंत्रालयाचे गंभीर चेहरे, मग कंपनीचे लोक, त्यात इशिगुरे नावाच्या मुख्य अभियंता बाई, मग संस्था. पाहुणे आले म्हणून आज सभागृह मात्र पंचवीस अंशांवर तापवलेलं. अकुत्सु सेन्सेईंनी जगाची केवढी वीज वाचेल ते सांगितलं. हाताची कथा सांगितली. जवळपास कुठेही चुंबक नाही हे दोनदा सांगितलं. शिकामानं नमुना बसवला, झोत दिला. मोठ्या पडद्यावरची रेघ ढिम्म. तिनं पुन्हा दिला. ढिम्म. कोणीतरी खोकलं.

सेन्सेईंनी एकवार नुमाकुरासानांकडे पाहिलं. नजरेत सुरी होती. मग पाहुण्यांकडे वळून हसले.

“तरुण मुलगी आहे, सांभाळून घ्या. आमच्याकडेही तिला इतक्या महिन्यांत हे जमलेलं नाही. नुमाकुरा-कुन, जरा ये, दाखव हात कसा असतो.”

शिकामाचे हात टेबलावर होते, ते तिनं मांडीवर घेतले. बस, एवढंच. आणि इतके दिवस कशानंही न हललेले नुमाकुरासान त्या दोन हातांकडे बघून हलले. जन्मभर जिथं ‘नाही’ म्हणायचं तिथं त्यांनी ‘हो’ म्हटलं होतं. ते व्यासपीठावर चढले. टेबलापाशी उभे राहिले. सगळे त्यांच्या बोटांकडे बघायला लागले. त्या बोटांनी टाय सैल केला, सदऱ्याचं वरचं बटण काढलं, हात मानेमागे नेला. मंत्रालयाच्या गृहस्थांना वाटलं, यांना भोवळ येतेय की काय. पट्टी सुटल्याचा बारीक आवाज आला आणि नुमाकुरासानांनी तोंड वाकडं केलं, कारण तिच्याबरोबर दोन केसही आले. त्यांनी ती टिकली उजेडात सगळ्यांना दिसेल अशी धरली. मग पाट पालथा केला, स्क्रूजवळ लावली, परत बसवला. शिकामाला म्हणाले, झोत द्या.

रेघ उडाली. वर. खाली. वर.

“मानेसाठीचं चुंबक आहे,” नुमाकुरासान म्हणाले. “एप्रिलपासून असंच एक इथं चिकटलेलं होतं. माझ्या हातात काही नाही. इतके महिने बरोबर मोजलं ते शिकामा-साननी.”

आणि ते असे वाकले की उघडी कॉलर, लाल झालेली मान आणि उरलेल्या टिकल्या, सगळी आरास पहिल्या रांगेला दिसली.

मग अकुत्सु सेन्सेई पुढे आले. म्हणाले, “तर मंडळी, चुंबक नसताना काय होतं आणि असताना काय होतं, हे तुम्ही आत्ता शेजारी शेजारी पाहिलंत.” मोठा माणूस. तिसऱ्या रांगेतून टाळ्यासुद्धा पडल्या.

पुढचं उरकून टाकतो. एप्रिलच्या त्या शोधावर छापलेला निबंध ‘काही सुधारणांसाठी’ मागे घेतला गेला. संस्थेला पैसे मिळाले ते मिळालेच. आता तिथे ‘सूक्ष्म साहाय्यक चुंबक’ या नव्या विषयावर काम चालतं आणि त्याच्या भाषणाचं पहिलं वाक्य जगाची केवढी वीज वाचेल हेच आहे. इशिगुरेबाईंनी कार्यक्रम संपल्यावर शिकामाला गाठून तिची इतक्या महिन्यांची मोजणी मागून घेतली. रेघ न हललेले एवढे कागद इतक्या आनंदानं चाळणारं माणूस शिकामानं पहिल्यांदाच पाहिलं. मार्चमध्ये ती त्या कंपनीत गेली. जाताना तिनं नुमाकुरासानांना आपला पाट दिला, नीट पुसून. ऑफिसातली नवी पाटी कुठे गेली ते कळलं नाही. नुमाकुरासान सहायकच आहेत, टाक्या मागवतात, आणि दारावरच्या कागदावर शेवटी त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे, ‘अंगावरच्या टिकल्यासुद्धा’.

पण प्रात्यक्षिकाच्या त्या संध्याकाळी घरी काय झालं ते राहिलं. तोकिकोबाईंनी त्यांना मोड्यावर बसवून कॉलर खाली ओढली. दुकानातल्या बायकांनी सकाळपासून पेढे मागितले होते, म्हणजे तिथल्या रिवाजाप्रमाणे ‘मोची’ नावाची तांदळाची लाल-पांढरी मिठाई, आणि तोकिकोबाई उद्या वाटायला तिचा डबा घेऊनच घरी आल्या होत्या.

“एक कमी आहे. कुठं पाडलीत?”

“पाडली नाही. काढली.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. सहयोगी प्राध्यापकीचंही. तोकिकोबाईंचा हात त्यांच्या मानेवर थांबला. नुमाकुरासान वाट बघत होते, आता काय ऐकावं लागतंय याची. डबा बंद केल्याचा आवाज आला. मग टिकल्यांच्या पाकिटाचा.

“इतकी वर्षं लावतेय,” तोकिकोबाई म्हणाल्या, “तुमच्या मानेला कधी कवडीचा गुण आला नाही. निदान त्या यंत्राला तरी आला.”

आणि रिकाम्या जागी त्यांनी नवी टिकली ठोकली.